इकारोस, पण पाण्याखाली: एका छायानाट्याच्या प्रकल्प नोंदी

२२ जून २०२४

आमच्या हौशी ग्रुपने यंदा सावल्यांचं नाटक करायचं ठरवलंय. एक पडदा, एक दिवा, कापलेल्या बाहुल्या, पडद्यामागे चौघं आणि साउंडला एक जण. खेळ पस्तीस-चाळीस मिनिटांचा, डिसेंबरात, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मराठीत याची कामाची माहिती शोधली तर फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून जे जमेल आणि जे फसेल ते लिहून ठेवतेय, पुढच्या कोणाचे तरी पैसे वाचतील.

गोष्ट दैदालोस आणि इकारोसची. कारागीर बाप, क्रीटच्या मिनोस राजाने अडकवून ठेवलेला, पिसं आणि मेणाचे पंख बांधतो, पोरगं फार उंच जातं, मेण वितळतं, पोरगं समुद्रात. आपल्याकडे ही गोष्ट कळते ती मोठ्यांचं ऐकावं या छापाचीच. रोमन कवी ओविडने 'मेटामॉर्फोसिस'च्या आठव्या सर्गात सांगितलीये ती वाचली आणि आम्ही सगळे गप्प झालो. बाप पंख बांधत असतो तेव्हा इकारोस शेजारी बसून उडणारी पिसं पकडतोय, अंगठ्याने मेण मऊ करतोय, म्हणजे घरातलं कुठलंही पोर करतं तशी कामात लुडबुड. पंख चढवताना बापाचे गाल भिजलेत, हात कापतायत. पोरगं पडल्यावर ओविड त्याला 'अभागी बाप' म्हणतो आणि त्याच दमात, आता बापही नाही, असं म्हणतो. नाटक त्या बापाचं करायचं, एवढं नक्की झालं.

६ जुलै

पहिला ड्राफ्ट फेकला. तो मी आणि आमच्या दिग्दर्शकाने मिळून १९८८ च्या खऱ्या उड्डाणावर लिहिला होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी 'दैदालोस' नावाचं पायडल मारून उडवायचं विमान केलं होतं, पंख ३४ मीटर आणि वजन साधारण ३१ किलो, आणि २३ एप्रिल १९८८ ला कानेलोस कानेलोपुलोस हा ग्रीक सायकलपटू क्रीटच्या इराक्लिओनवरून ते सँटोरिनीपर्यंत घेऊन गेला. जवळपास ११५ किलोमीटर, चार तासांना थोडी कमी. किनारा हातावर आला आणि वाऱ्याने शेपटी मोडली, विमान पाण्यात, माणूस पोहत बाहेर. ऐकायला भारी आहे पण यात बाप कुठंय? कोणी मरत नाही, कोणाला काही भोगावं लागत नाही, सगळे टाळ्या वाजवतात. आम्ही बळंच एक म्हातारा इंजिनियर घुसवला, तो आठ पानं नुसता आकाशाकडे बघत उसासे टाकत होता.

दुसरी आयडिया ग्रीक हवाई दलाच्या अकादमीची. तिथल्या कॅडेट्सना खरंच 'इकारोस' म्हणतात, अकादमीचं नावच तसं आहे. पडलेल्या मुलाचं नाव पायलटांना द्यायचं हे मला आधी विचित्र वाटलं आणि नंतर फार ग्रीक वाटलं. पण युनिफॉर्म आला की आमच्या दिग्दर्शकाच्या हातून देशभक्तीपर नाटकच होतं, हे अनुभवाने माहीत आहे. कॅन्सल.

१३ जुलै

सापडलं, आणि ते ओविडमध्येच होतं. बापलेक उडतात तो रस्ता तो नावानिशी देतो: दिलोस आणि पारोस मागे पडले, डावीकडे सामोस, उजवीकडे लेबिंथोस आणि मधाने भरलेलं कालिम्नोस. ही बेटं नकाशावर बघत बसले होते तर कालिम्नोस म्हणजे स्पंजवाल्यांचं बेट निघालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथले लोक समुद्रतळाचे स्पंज काढायचे, ईस्टर झाला की बोटी निघायच्या आणि थंडीच्या तोंडावर परतायच्या. १८६० च्या दशकात धातूच्या हेल्मेटचा सूट आला, वरून पंपाने हवा, त्यामुळे खोल जाऊन बराच वेळ राहता यायला लागलं, आणि माणसं मरायला लागली, तरणीताठी पोरं कमरेखाली लुळी पडायला लागली. खोलवर दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि झटकन वर आलात की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. थांबत थांबत वर यायची कोष्टकं हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडली, तोवर बेटावर काठी टेकत चालणाऱ्या जवान माणसांची कमी नव्हती.

म्हणजे आमचा इकारोस उंच जाऊन मरत नाही, घाईने वर येऊन मरतो. पंखांच्या जागी कंप्रेसर आणि हवेची नळी, बापाने स्वतःच्या हाताने जुळवलेली. ओविडचा बाप सांगतो फार खाली गेलास तर पाण्याने पिसं जड होतील, फार वर गेलास तर ऊन जाळेल, मधून चल. आमचा बाप सांगतो, 'खाली सांगितलंय तेवढंच. आणि वर येताना दोरीचं ऐक.' दोरी बापाच्या हातात.

काळ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा घेतला, १९८६ मध्ये स्पंजांवर रोग आला आणि धंदाच बसला त्याच्या आधीचा. बापाचं नाव मास्तोरास, म्हणजे नुसतंच मिस्त्री.

२७ जुलै

पडदा. ८ बाय ५ फूट. पीव्हीसी पाइपची फ्रेम करू नका, कापड ताणलं की मधोमध पोट काढते. सुताराकडून लाकडी पट्ट्या कापून घेतल्या, ९०० रुपये, कोपऱ्यांना एल पट्टी आणि बटरफ्लाय नट, म्हणजे उघडून रिक्षात मावते. मांजरपाट ५२० चं. कापड आधी धुऊन, इस्त्री करून मगच लावा, कोरं लावलं तर खळीमुळे दिव्यासमोर ढगाळ डाग दिसतात.

बाहुल्या ३६० रुपयांच्या काळ्या कार्डशीटच्या कापल्या होत्या. जुलैची हवा, चार दिवसांत सगळ्या पापडासारख्या वळल्या. फेकल्या. स्टेशनरीच्या दुकानात प्लास्टिकच्या जाड फाईली मिळतात त्यांची कव्हरं घेतली, कटरने सुंदर कापली जातात आणि दमटपणाचा काही परिणाम नाही. काठ्यांना छत्रीच्या काड्या, दुरुस्तीवाल्याने फुकट दिल्या.

१० ऑगस्ट

दिवा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. घरात एलईडी फ्लडलाईट होता तो लावला तर सावल्या लोण्यासारख्या मऊ, कडाच नाहीत. सावली कोरीव हवी तर उजेड एका छोट्या ठिपक्यातून यायला हवा. आमच्या ग्रुपमधले काका, आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, त्यांनी गाडीच्या हेडलाईटचा ५५/६० वॅटचा एच-फोर बल्ब आणला. लावला तर अर्धा पडदा काळा. त्या बल्बात दोन फिलामेंट असतात आणि लो बीमच्या खाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती उजेड अडवते. हाय बीमच्या पिना जोडल्या आणि पडद्यावर बाहुलीच्या पापण्या मोजता येतील अशी सावली पडली.

मग अ‍ॅडाप्टर. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ५५० ला घेतला, बल्ब नुसता लुकलुकायचा. थंड फिलामेंट सुरुवातीला दणकून करंट ओढतं आणि अ‍ॅडाप्टर स्वतःला बंद करून घेतो. १० अँपिअरचा घेतला, ९०० रुपये, प्रश्न मिटला. सिरॅमिक होल्डरच वापरा आणि जिलेटीन पेपर बल्बपासून फूटभर तरी लांब ठेवा, आमचा निळा समुद्र एकदा करपून आकसलाय.

पाण्याची हालचाल: काचेच्या ट्रेमध्ये तळाला तिरका आरसा, वर दोन बोटं पाणी, त्यावर साधी टॉर्च मारायची आणि आरशातला उजेड पडद्यावर घ्यायचा. ट्रेच्या कडेला टिचकी मारली की अख्खा पडदा हलतो. हे एवढं एकच पहिल्या फटक्यात जमलं.

२४ ऑगस्ट

नळी आणि दोरी. फिश टँकची नळी पारदर्शक, तिची सावलीच पडेना. काळी वायर वळवली की वळलेलीच राहते. लोकर फारच हलकी, बाहुली हलली की भूत नाचल्यासारखी. शेवटी खिडकीच्या पडद्यांना असते ती मण्यांची साखळी, १८० रुपये. ताणली की सरळ रेघ, सोडली की जड झोका घेऊन खाली येते आणि मणी न् मणी पडद्यावर दिसतो. बापाचा हात एका टोकाला आणि पोरगा दुसऱ्या, मधे ही. पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा कोणी डायलॉग म्हणत नव्हतं, नुसतंच खालीवर करत होतो, तरी कळत होतं कोण कोणाचा कोण आहे. दुसऱ्या दिवशी बापाचे पाण्यावरचे अर्धे संवाद काढून टाकले.

७ सप्टेंबर

वर येण्याचा सीन. चाळीस मीटरवरून नीट यायचं तर मिनिटाला नऊ-दहा मीटर, म्हणजे चार मिनिटं, वर मधले थांबे वेगळे. दिग्दर्शक म्हणाला एकदा खऱ्या वेळेत करून बघू. पाच फुटांच्या पडद्यावर बाहुली चार मिनिटं वर सरकवायची म्हणजे हात मोडतो, आणि समोर बसलेला भाचा सरळ मोबाईल बघायला लागला. पण बापाने पहिल्यांदा पोराला वर आणायचा सीन लांब असल्याशिवाय नंतरची घाई कळणार कशी? शेवटी असं केलं: पहिली बुडी दीड मिनिटाची, तीन थांबे, प्रत्येक थांब्याला साखळीला एक झटका. नंतरची बुडी, जिच्यात पोराला खाली मोठा स्पंज दिसतो, तो सांगितल्यापेक्षा खाली जातो आणि बापाला दाखवायच्या नादात सुसाट वर येतो, ती वीस सेकंदांत. बापाचे झटके चालूच, पोरगा ऐकतच नाही. लोकांना एक शब्द सांगावा लागत नाही.

२१ सप्टेंबर

पडणं. दोनदा फसलं. पहिल्यांदा पोरगा पाण्यातच गोल फिरत खाली जातो असं केलं, सर्कस वाटली. मग बाहुली दिव्याकडे नेत मोठी मोठी करत अख्खा पडदा काळा केला, तर आमच्यातलीच एक म्हणाली, अगं हे भुताच्या सिनेमासारखं होतंय.

रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या सहाव्या सर्गात आहे की दैदालोस पुढे इटलीत कुमाई इथे अपोलोच्या देवळाचे दरवाजे घडवतो. त्यांवर सगळं कोरतो, क्रीट, तिथला बैल, त्यानेच बांधलेला चक्रव्यूह. पोराचं पडणं सोन्यात करायला दोनदा घेतो आणि दोनदा बापाचे हात गळतात, तो भाग दारावर घडवायचा राहूनच जातो. दिग्दर्शक लगेच म्हणाला, बघा, आपलंही दोनदा झालंय. व्हर्जिलच्या आडोशाला बसून कोणी रिहर्सल चुकवू नये, असं माझं मत.

मार्ग आजाराच्याच माहितीतून निघाला. हा त्रास बरेचदा पाण्यात होतच नाही, वर आल्यावर, कधी अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होतो. म्हणजे पोरगा डेकवर आलाय, हसतोय, स्पंज दाखवतोय, बाप ओरडतोय, मग ओरडता ओरडता तोही हसतो. जेवायला बसतात. पोरगा म्हणतो, खांदा दुखतोय. मग उठायला जातो आणि पाय उठत नाहीत. बाहुलीच्या कंबरेचा दोरा पडद्यामागून नुसता ढिला सोडायचा, एवढीच कारागिरी. पोरगा परत आलेला, जवळ बसलेला, पोटात अन्न गेलेला. ग्रीक गोष्टीत बाप मागे वळून हाका मारतो आणि पाण्यावर पिसं दिसतात. आमच्या बापाला हाक मारायची सोयच नाही, पोरगा समोर आहे.

५ ऑक्टोबर

पुतण्याला ठेवायचं की नाही यावर भांडण. बहुतेक लोक हा भाग गाळतात. दैदालोसने क्रीटला जायच्या आधी अथेन्समध्ये स्वतःच्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, अक्रोपोलिसवरून ढकललेलं असतं, कारण पोरगा त्याच्यापेक्षा हुशार निघायला लागला होता. माशाच्या काट्यावरून त्याने करवत काढली, कंपासही त्याचाच. अथेना देवी त्याला मधेच झेलून तितर करते. आणि इकारोसला पुरताना तेच तितर चिखलाच्या चरातून बघत पंख फडफडवतं, आनंदाने. ओविडने हे इतक्या थंडपणे लिहिलंय की अंगावर येतं.

दोघं म्हणाले, याने बापाबद्दलची सहानुभूती जाते. जाऊ दे की. आम्ही तो भाचाच ठेवला (वरती 'पुतण्या' म्हटलंय, ग्रुपमध्ये सगळे त्याला तेच म्हणतात, सवय झालीये). आमच्या नाटकात तो हुशार मेकॅनिक, कंप्रेसरचा व्हॉल्व्ह त्याने सुधारलेला, आणि मास्तोरासने एका मोसमात त्याला मुद्दाम जास्त खोल पाठवलेलं. तेव्हापासून तो काठीवर. कालिम्नोसला 'मिखानिकोस' नावाचा नाच आहे, त्यात पुढचा नाचणारा लुळ्या पडलेल्या डायव्हरसारखा थरथरत, काठी टेकत नाचतो. पोराच्या दफनानंतर भाचा तो नाचतो. आनंदाने की दुःखाने, ते आम्ही ठरवलेलं नाही, बाहुली चालवणाऱ्यालाही सांगितलेलं नाही. गुडघ्याला जास्तीचा सांधा दिलाय, त्यामुळे काठी हलवली की पाय आपोआप थरथरतो.

१९ ऑक्टोबर

आवाज. कंप्रेसरचा आवाज पंक्चरवाल्याकडे जाऊन रेकॉर्ड केला, त्याने चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. नाटक सुरू झाल्यापासून तो आवाज बारीक चालूच असतो.

मरणानंतरचा सीन काकांनी बदलला. आम्ही बापाला आकाशाकडे हात करून किंचाळायला लावलं होतं. काका म्हणाले, 'अगं, तो आधी मशीन बंद करेल. मग मशीन खोलेल.' म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, 'अपघात झाला की आम्ही आधी मशीनकडेच जायचो. मशीनमध्ये दोष निघाला तर निदान कळतं तरी.' तर आता बाप कंप्रेसर खोलतो. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, फिल्टर, एकेक सुटा करून टेबलावर मांडतो, दिव्यासमोर धरून बघतो. सगळं नीट. व्हॉल्व्ह तर भाच्याने केलेला, तोही नीट. परत जोडतो. परत खोलतो. ओविडचा दैदालोस स्वतःच्या कलेला शिव्या देतो. आमच्याला शिवी द्यायला जागा मिळत नाही. हे सुटे भाग काकांनी फाईलच्या प्लास्टिकमधून कापलेत, इतके खरे की एका फिटर मित्राने पडद्यावर बघून रिंग उलटी लागल्याचं सांगितलं.

१६ नोव्हेंबर

ओळखीच्या वीसेक लोकांसमोर ट्रायल. साउंड उशिरा, एक काठी निसटली. पण मशीन बंद होतं तिथे तीन-चार जणांनी मान वर केली, म्हणजे तो आवाज इतका वेळ चालू होता हे त्यांना तेव्हा कळलं. हेच हवं होतं.

नंतरच्या चर्चेत दोघांतिघांनी म्हटलं, हा तर आपला दशरथ. मला हे येणार हे माहीत होतं आणि मी त्यावर अडून बसले. दशरथ पुत्रशोकाने प्राण सोडतो. दैदालोस सोडत नाही. तो सिसिलीला कोकालोस राजाकडे जातो आणि कामाला लागतो. मिनोस त्याला शोधत गावोगाव एक पीळदार शंख फिरवतो, यातून दोरा ओवून दाखवा म्हणून. दैदालोस शंखाला भोक पाडतो, मुंगीला दोरा बांधतो आणि मुंगी ओवून देते, आणि त्या हुशारीवरूनच मिनोसला कळतं की माणूस इथेच लपलाय. पोरगं गेलंय आणि हात अजून तेवढेच चांगले चालतात, हे मला दशरथापेक्षा सोसायला अवघड वाटतं. म्हणून शेवटचा सीन शंखाचाच: पडदाभर मोठा शंख, नखाएवढी मुंगी, आणि दोऱ्याच्या जागी तीच मण्यांची साखळी. एका काकूंना हे फार कोरडं वाटलं. बरोबर आहे त्यांचं, पण ठेवतोय.

१५ डिसेंबर

खेळ झाला. हॉल ७० टक्के भरला. मुंगी एकदा शंखात अडकली आणि मागून कोणीतरी 'ढकल' म्हणालं ते पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. दीड मिनिटाच्या बुडीला कोणी मोबाईल काढला नाही. मिखानिकोसला काही जणांनी ठेका धरून टाळ्या वाजवल्या, काही त्यांच्याकडे रागाने बघत होते. भांडण लागलं असतं तरी चाललं असतं.

खर्च सव्वासहा हजाराच्या आसपास, त्यात हॉलचे १,५००. वाया गेलेले म्हणजे कार्डशीट आणि छोटा अ‍ॅडाप्टर, ९१० रुपये.

पुढचा खेळ मार्चमध्ये ठरतोय. त्याआधी स्पेअर बल्ब घ्यायचाय, कारण खेळात हा एकच होता आणि तो गेला असता तर सगळंच अंधारात. सुसाट वर येण्याचा सीन वीसवरून पंधरा सेकंदांवर आणायचाय. ट्रेखाली ओला नॅपकिन ठेवायचा, स्टेजवर सरकतो. आणि काकांनी भाच्याची काठी परत कापायला घेतलीये, त्यांच्या मते लांबून जाड दिसते.